मोटर सर्वांत शेवटी : आरसी ऑफ-रोड ट्रकची देखभाल आणि सुधारणा

रिमोटवर चालणारा, म्हणजे आरसी, ऑफ-रोड ट्रक घरात आला की साधारण दुसऱ्या महिन्यात एकच विचार डोक्यात घोळू लागतो : मोटर बदलायची. ब्रशलेस बसवायची, मोठी बॅटरी लावायची, गाडी नुसती उडाली पाहिजे. आपल्याही मनात तो विचार असेल, तर सध्या बाजूला ठेवावा. विचारात चूक नाही, क्रमात आहे.

हा क्रम मी पदरचे पैसे घालून शिकलो. सगळ्यात आधी मोटर बदलली. तिसऱ्याच रविवारी मुरमावर स्पर गिअरचे दात खरवडून गेले. गिअर बदलला, तर ड्राइव्ह शाफ्ट पिळवटला. शाफ्ट बदलला, तर वाढलेल्या वेगात भिंतीवर आदळून स्टिअरिंगच्या सर्व्होचे प्लास्टिकचे दात गेले. ताकद वाढली की गाडीतली सर्वांत कच्ची कडी तुटते आणि ती सांधली की तिच्या पुढची. म्हणून आधी कच्च्या कड्या, मग ताकद.

उदाहरणासाठी ट्रॅक्ससचा टू-व्हील ड्राइव्ह ‘स्लॅश’ घेतो. २००८ साली आलेला हा १:१० मापाचा ट्रक शॉर्ट कोर्स प्रकारातला आहे, म्हणजे चाके झाकणारी रुंद बॉडी आणि लांब सस्पेन्शन. त्याचे आकडे मला पाठ आहेत, एवढेच कारण. आपला ट्रक दुसऱ्या कंपनीचा, १:१२ किंवा १:१४ मापाचा असला तरी क्रम हाच राहील, आकडे तेवढे आपल्या गाडीचे घ्यावेत.

१. हत्यारे आधी, सुटे भाग नंतर.
या गाड्यांत बहुतेक स्क्रू २ आणि २.५ मिमी हेक्सचे असतात, बारीक ग्रब स्क्रूंना १.५ मिमी लागतो आणि चाकांच्या नटांना ७ मिमीचा पाना. गाडीसोबत येणाऱ्या एल आकाराच्या चाव्या मऊ असतात. त्या स्क्रूचे डोके गोल करून ठेवतात आणि मग तो स्क्रू काढण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. कडक पोलादाचे, मुठीचे तीन हेक्स ड्रायव्हर घ्यावेत. सोबत व्हर्नियर, मल्टिमीटर आणि ६० वॉटची सोल्डरिंग गन किंवा सोल्डरिंग आयर्न असावी. मल्टिमीटर, कनेक्टर, हीट-श्रिंक नळी हे सारे पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत मिळते. तिथे जाताना जुना कनेक्टर खिशात ठेवावा. तोंडी वर्णनापेक्षा नमुना दाखवला की दुकानदाराचा आणि आपला, दोघांचा वेळ वाचतो.

२. गाडी चालवून आल्यावरची पंधरा मिनिटे.
बॅटरी काढून बाजूला ठेवावी. रंगकामाच्या कोरड्या ब्रशने चेसिस, आर्म आणि शॉकवरची माती झाडावी. पंक्चरवाल्याकडच्या हवेचा झोत थेट बेअरिंगवर मारू नये, धूळ बाहेर येण्याऐवजी आत जाते. मग प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे आणि धरून डावी-उजवीकडे हलवावे. अडखळत फिरले तर बेअरिंग, खडखडले तर सैल नट किंवा झिजलेला सांधा समजावा.

पुण्यात एक गोष्ट वेगळी पाहावी लागते, ती म्हणजे कुसळ. पावसाळा संपला की टेकड्यांवरचे आणि मोकळ्या प्लॉटवरचे गवत वाळते. त्याची टोकदार कुसळे मोज्यात शिरतात तशीच ट्रकच्या धुरीवरही शिरतात. चाक आणि हब यांच्या मधल्या बोटभर फटीत ती गुंडाळली जातात आणि हळूहळू बेअरिंगच्या सीलखाली सरकतात. वरून काहीच दिसत नाही, गाडी मात्र जड चालते आणि मोटर तापते. ऑक्टोबर ते जानेवारीत दर दोन-तीन फेऱ्यांनंतर चारही चाके उतरवावीत आणि बारीक चिमट्याने धुरी साफ करावी. एकदा मी मागच्या एकाच धुरीवरून करंगळीएवढा जाड गवताचा वेढा काढला होता. त्याच्याखाली सीलचा निम्मा भाग गायब होता.

३. बेअरिंग.
स्वस्त गाड्यांत धुरीवर बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे किंवा पितळी बुश असतात. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना असलेल्या गावात राहून बुशवर गाडी चालवणे बरे नव्हे! पहिली सुधारणा हीच. गाडी हलकी चालते, बॅटरी जास्त वेळ पुरते आणि पुढची प्रत्येक सुधारणा खऱ्या अर्थाने जाणवते. ५×११×४ मिमी हे माप १:१० गाड्यांत फार वेळा आढळते. बेअरिंगच्या दुकानात ते ‘एमआर ११५’ या क्रमांकाने ओळखतात. तरी व्हर्नियरने मोजल्याशिवाय घेऊ नये, एकाच गाडीत तीन-चार मापे असतात. क्रमांकापुढे ‘झेडझेड’ असेल तर बाजूला पत्र्याची चकती असते, ‘२आरएस’ असेल तर रबरी सील. मुरमाची बारीक धूळ लक्षात घेता रबरी सील घ्यावे. पत्र्याचे थोडे मोकळे फिरते, पण आपल्याकडे फार टिकत नाही.

४. स्क्रू.
प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवावा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात तो किंचित खाली पडल्याचे बोटाला कळते, ‘टक्’ असे. तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच आट्यांत बसतो. हे न करता दाबून फिरवला तर नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळा उघडझाप झाली की भोक मोठे होऊन बसते. धातूत धातू जात असेल तिथे थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारे निळे द्रव्य, एक थेंब लावावे. प्लास्टिकवर ते कधीही लावू नये, प्लास्टिक तडकते.

५. बॅटरी.
इथे थोडे थांबू, कारण या छंदात खरा धोका इथेच आहे.

जुन्या पद्धतीच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो. लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो, बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा. दोन सेलच्या लिपोला ‘टू-एस’ म्हणतात : नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. ती हलकी असते आणि शेवटपर्यंत दमदार प्रवाह देते. म्हणून लिपो घेणे ही चांगली सुधारणा आहे, पण पुढची शिस्त पाळायची तयारी असेल तरच.

गाडीचा वेग आणि ब्रेक सांभाळणारा जो इलेक्ट्रॉनिक डबा असतो, त्याला ईएससी म्हणतात. त्यात लिपोचे कमी-व्होल्टेज संरक्षण आहे का आणि ते चालू आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. स्लॅशच्या एक्सएल-५ या ईएससीवर दिवा हिरवा असेल तर संरक्षण चालू, लाल असेल तर बंद. संरक्षण नसताना गाडी संपेपर्यंत पळवली तर सेल ३ व्होल्टच्या खाली जातो आणि बॅटरी कायमची जाते.

चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरणारा, असावा. प्रवाह ‘वन-सी’ ठेवावा, म्हणजे ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर. चार्जिंग फरशीवर किंवा बाल्कनीत, मातीच्या रिकाम्या कुंडीत करावे आणि शेजारी कोरड्या वाळूची पिशवी ठेवावी. गादीवर, सोफ्यावर, रात्री लावून झोपून, असे कधीही करू नये. पुढचे काही दिवस गाडी चालवायची नसेल, तर चार्जरच्या ‘स्टोरेज’ कार्यक्रमाने दर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी. भरलेली बॅटरी महिनाभर कपाटात राहिली की फुगते. एप्रिल-मे महिन्यांत स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत लिपो ठेवू नये.

कनेक्टर बदलायचा असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापू नयेत. कात्रीचे पाते दोन्ही तारांना एकाच वेळी लागले की शॉर्ट झालाच. आधी लाल तार कापावी, सोल्डर करावी, हीट-श्रिंक चढवावी, मगच काळीला हात लावावा.

फुगलेली बॅटरी पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. ती मोकळ्या जागी, वाळूत ठेवून मोटारीच्या १२ व्होल्टच्या बल्बवर पूर्ण रिकामी करावी. नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत असा बल्ब सहज मिळतो. मग तारांची टोके टेपने झाकून बॅटरी ई-कचऱ्यात द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती जाता कामा नये. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात ती पेटू शकते.

६. शॉक.
शॉकमध्ये स्प्रिंग गाडी उचलून धरते आणि आतले सिलिकॉन तेल तिचे उसळणे आवरते. तेल घट्ट असेल तर गाडी मोठ्या उडीनंतर शांत उतरते, पण बारीक खडीवर थरथरते. पातळ असेल तर उलटे. पुण्यातल्या मुरूम-खडीवर मध्यम तेलापासून, म्हणजे ३० वेटपासून, सुरुवात करावी. उन्हाळ्यात तेल पातळ होते, तेव्हा ३५ किंवा ४० करून पाहावे. इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल भरू नये, रबरी ओ-रिंगा फुगतात.

भरताना शॉक उभा धरावा, काठोकाठ तेल घालावे आणि दांडा हळूहळू वर-खाली करावा. बुडबुडे वर येतील. मग दांडा खाली ठेवून दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, चहा घेऊन यावा. उरलेले बुडबुडे तोवर निघून जातात. झाकण लावल्यावर दांडा दाबताना ‘चुळुक’ असा आवाज आला तर आत हवा राहिली आहे, पुन्हा उघडावे. डावा आणि उजवा शॉक एकाच बैठकीत, एकाच बाटलीतून भरावा.

किटसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या शॉकचे झाकण मोठ्या उडीत निसटते. ते दोनदा झाले की ॲल्युमिनियमच्या नळीचे शॉक घेण्याची वेळ आली असे समजावे. ॲल्युमिनियमवर खर्च करण्याची ही योग्य जागा.

७. आर्म : इथे ॲल्युमिनियम नको.
चेसिसला चाकाशी जोडणाऱ्या खालच्या पट्ट्या म्हणजे सस्पेन्शन आर्म. निळ्या-लाल चकचकीत धातूचे आर्म पाहून हात शिवशिवतात, हे मान्य. पण चाक दगडावर आपटले की चांगल्या नायलॉनचा आर्म वाकतो आणि परत येतो. धातूचा वाकून तसाच राहतो, किंवा स्वतः टिकून तो धक्का पुढे चेसिसच्या बैठकीला देतो. बैठक तुटली तर निम्मी गाडी उघडावी लागते. आरपीएमसारख्या कंपन्या मुद्दाम लवचीक नायलॉनचे आर्म आणि बंपर बनवतात, ते घ्यावेत. जिथे झीज होते, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे, शॉकची नळी, चाकाचे १२ मिमीचे षटकोनी हब, तिथे धातू. जिथे धक्का बसतो तिथे लवचीक प्लास्टिक.

८. स्टिअरिंगचा सर्व्हो.
सर्व्हो म्हणजे पुढची चाके वळवणारी छोटी मोटर. धातूच्या गिअरचा, साधारण १० किलो-सेंटिमीटर ताकदीचा सर्व्हो या मापाच्या गाडीला पुरतो. त्याहून बराच मोठा लावला तर वेगळीच अडचण येते : वळताना गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. रिसीव्हरला आणि सर्व्होला वीज ईएससीमधूनच मिळते. मोठा सर्व्हो जास्त प्रवाह ओढतो, व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर बंद पडतो. लोक रिमोटला दोष देतात. अशा वेळी वेगळा बीईसी, म्हणजे बॅटरीतून सर्व्होपुरता स्थिर पुरवठा देणारा छोटा तुकडा, लावावा. धक्का गिळणारी सर्व्हो-सेव्हरची स्प्रिंग काढून टाकू नये, कोणी कितीही सांगितले तरी.

९. टायर आणि बॉडी.
मुरमावर आखूड, दाट गाठींचे टायर चालतात, मऊ मातीत लांब गाठींचे. आत फोम असावा. टायर रिमवरून सुटत असेल तर चारी बाजूंनी फेव्हिक्विकचे बारीक थेंब पुरतात. पॉलिकार्बोनेटची बॉडी तडकली तर आतून भिंतीच्या भेगांना लावतात ती जाळीची पट्टी लवचीक रबरी चिकटद्रव्याने बसवावी. पट्टी रंगाच्या कुठल्याही दुकानात मिळते.

१०. गिअर आणि स्लिपर.
मोटरवरचा लहान गिअर तो पिनियन, त्याच्याशी जुळणारा मोठा तो स्पर. दोन्हींमध्ये किती फट ठेवावी, यावर गिअरचे आयुष्य ठरते. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोघांमध्ये घालून, गिअर एकमेकांवर दाबून मोटरचे स्क्रू घट्ट करावेत. मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. तिच्यावर पंख्याच्या घडीसारख्या चुण्या दिसायला हव्यात, पण ती फाटलेली नसावी. फाटली तर गिअर फार जवळ आहेत, चुण्या पुसट असतील तर फार दूर. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवर बसला आहे ना, हे बॅटरी लावण्याआधी पाहावे. चुकीच्या जागी बसला तर मोटर गुणगुणते आणि गाडी हलत नाही.

स्परजवळच्या स्प्रिंगवाल्या नटाच्या मागे स्लिपर क्लच असतो. अचानक झटका आला की तो क्षणभर घसरतो आणि गिअर वाचवतो. स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत नट कसावा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यावा. पूर्ण कसलेला स्लिपर आणि नवी मोटर एकत्र आले की काय होते, ते वर सांगितलेच आहे.

११. पाऊस आणि जागा.
‘वॉटरप्रूफ’ हा शब्द गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो. बेअरिंगला तो लागू नाही आणि हातातल्या रिमोटला तर नाहीच. पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी चाके काढावीत, गाडी उतरती धरून पाणी काढावे, पंख्याखाली ठेवावी आणि प्रत्येक बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. डब्ल्यूडी-४० पाणी हटवते, पण वंगण म्हणून टिकत नाही. त्यावर तेल द्यावेच लागते. काळ्या मातीच्या चिखलात गाडी घालू नये. ती चाकात गोळा होते, वाळली की विटेसारखी होते आणि मोटर जाळते.

वेताळ टेकडी आणि एआरएआय टेकडीवर पहाटे आणि संध्याकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, मोर असतात आणि बरीच जमीन वनखात्याची आहे. तिथे दोन-अडीच किलोचा ट्रक पळवणे योग्य नाही. फेब्रुवारीनंतर तर अजिबात नको, कारण वाळल्या गवतात एक लिपो पेटली तर वणवा लागतो. परवानगी घेऊन एखाद्या बांधकामाच्या मोकळ्या प्लॉटवर, मुरमाच्या ढिगाऱ्यावर जावे. गाडीला त्यापेक्षा चांगले मैदान लागत नाही. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. सिग्नल तुटल्यावर गाडी थांबावी यासाठी फेलसेफ बसवले आहे का, ते चाके अधांतरी ठेवून, रिमोट बंद करून तपासावे.

१२. आता मोटर.
वरचे सगळे झाले असेल, तर ब्रशलेस मोटर आणि तिला साजेसा ईएससी एकत्रच घ्यावा. मोटरवर ‘केव्ही’ आकडा असतो, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला २५,९०० फेरे घेते.

स्लॅशवर १९ दातांचा पिनियन आणि ८६ दातांचा स्पर असतो, पुढे गिअरबॉक्सचे २.७२ हे प्रमाण. ८६ भागिले १९, गुणिले २.७२, म्हणजे एकूण १२.३१. चाक मिनिटाला सुमारे २,१०० फेरे घेते. टायरचा व्यास १०९ मिमी धरला तर कागदावर ताशी ४३ किलोमीटर येतात. पिनियन १७ दातांचा केला तर प्रमाण १३.७६ होते आणि वेग ३८ किलोमीटरच्या थोडा वर. पाच किलोमीटर गेले, पण मोटरवरचा भारही कमी झाला. पुण्याच्या उन्हात मी १७ पासूनच सुरुवात करायला सांगेन. टायर मोठे लावले असतील तर आणखी एक दात कमी.

पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालवून थांबावे आणि मोटरचे तापमान मोजावे. त्यासाठी कोविडच्या काळात घरात आलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर चालणार नाही. तो शरीराच्या तापमानापुरताच मोजतो. हार्डवेअरच्या दुकानातली इन्फ्रारेड गन लागेल. ७० अंशांपर्यंत ठीक. ८० च्या वर गेले तर पिनियन आणखी एका दाताने लहान करावा, कागदाची पट्टी घालून फट पुन्हा बसवावी आणि मोटर पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाच मिनिटे चालवून पाहावे.